लोहगाव, चाकण, पुरंदर : पुण्याच्या विमानतळाच्या जागेचा प्रश्न

विमानतळ कोठे असावा व केवढा असावा, हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्यशास्त्राचा व विमानविद्येचा वाटतो. वाऱ्याची दिशा, जमिनीचा उतार, भोवतालच्या डोंगरांची उंची ही एकदा मोजली म्हणजे उत्तर आपोआप निघावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुण्याच्या विमानतळाचा सुमारे पाव शतकाचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. या काळात एक जुना तळ अपुरा ठरला, दुसरी जागा सुचविली जाऊन सोडून दिली गेली, तिसरी निश्चित झाली, ती बाजूस सारून चौथी पुढे आली, आणि अखेरीस पुन्हा तिसरीच स्वीकारण्यात आली. वारा व उतार या अवधीत बदलले नव्हते. बदलत गेले ते हिशेबाचे तागडे, आणि त्यात कोणती वजने टाकावयाची हे ठरविणारे हात.

ज्या शब्दाभोवती हा वाद फिरतो तो शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. हिंदीने 'हवाई अड्डा' म्हटले. मराठीने 'विमान' या संस्कृत शब्दास 'तळ' हा लष्करी वहिवाटीतला शब्द जोडला. तळ दिला जातो, तळ पडतो, आणि मुक्काम संपला की तळ हलतो. तात्पुरतेपणा हा या शब्दाचा मूळ गुण होय. तथापि ज्याला आज विमानतळ म्हणतात त्याच्याइतकी अचल वस्तू शहराच्या भोवताली दुसरी क्वचितच असेल. एकदा पडलेला हा तळ उठत नाही. पुण्याच्या बाबतीत तर शब्दाचा लष्करी अर्थच अक्षरशः खरा ठरला आहे.

लोहगावचा तळ १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश हवाई दलाने उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि आजही त्याच्याकडेच आहे. प्रवासी विमानांची वाहतूक तेथे चालते ती हवाई दलाच्या आवारातील एका मर्यादित नागरी भागातून. धावपट्टी हवाई दलाची, उड्डाणांचे नियंत्रण हवाई दलाचे, आणि कोणत्या वेळी नागरी विमानांस मोकळीक द्यावयाची हा निर्णयही त्यांच्या सरावाच्या वेळापत्रकावर अवलंबून. धावपट्टीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. मध्यम आकाराच्या विमानांस ती पुरते. पूर्ण इंधन व पूर्ण भार घेऊन युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या मोठ्या विमानांस ती अपुरी पडते. २००५ पासून येथून आंतरराष्ट्रीय उड्डाणे होऊ लागली खरी, परंतु त्यांची संख्या मोजकीच राहिली. पुण्याचा परदेशी जाणारा प्रवासी बहुतांशी घाट उतरून मुंबईसच जात राहिला, व २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने ही सवय मोडण्याऐवजी अधिक पक्की केली.

दरम्यान शहर बदलले. चाकणला मोटारींचे कारखाने आले, हिंजवडीला संगणक-उद्योग आला. २०१८-१९ या वर्षात लोहगावहून सुमारे ९० लाख प्रवाशांची ये-जा झाली. १४ जुलै २०२४ रोजी जे नवे प्रवासी-भवन वापरात आले त्याची वार्षिक क्षमता ९० लाखच सांगण्यात आली होती. म्हणजे ज्या आकड्यासाठी इमारत बांधली, तो आकडा ती उघडण्यापूर्वी पाच वर्षे येऊन गेलेला होता. त्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, प्रवाशांची संख्या एक कोटीच्या वर गेली. अर्थात इमारत कितीही वाढविली तरी धावपट्टी एकच राहते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या डागडुजीसाठी १६ ते २९ तारखांच्या दरम्यान विमानतळ पूर्णपणे बंद ठेवावा लागला. चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहराची हवाई वाहतूक एका पट्टीच्या डांबरावर कशी लटकलेली आहे, हे त्या चौदा दिवसांनी कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्टपणे दाखविले.

लोहगावचा विस्तार का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर सहसा 'संरक्षण खाते' या दोन शब्दांत दिले जाते. ते अपुरे आहे. तळाच्या भोवती विमाननगर, धानोरी, वडगाव शेरी यांसारखी दाट वस्ती उभी राहिली. आणि ती काही चोरून उभी राहिली नाही, नगररचनेच्या रीतसर मंजुरीने राहिली. विमानतळामुळे त्या भागातील जमिनीस भाव आला, भावामुळे वस्ती आली, आणि वस्तीमुळे विमानतळाची वाढ खुंटली. येथील रहिवाशांस आवाजाचा उपद्रव सोसावा लागतो, इमारतींच्या उंचीवर बंधने येतात, आणि तरीही प्रवासी विमाने अन्यत्र गेल्याने लढाऊ विमानांचा आवाज जाणार नाही, हे त्यांसही ठाऊक आहे. पर्यावरणाच्या हिशेबात ही बाजू फारशी मांडली जात नाही. नव्या जागेची हानी मोजली जाते. जुन्या जागेची हानी ही सवयीची म्हणून जमेस धरली जात नाही.

नव्या जागेचा विचार प्रथम चाकण-राजगुरुनगरच्या परिसरात झाला. आर्थिक दृष्टीने तो सर्वांत सयुक्तिक होता. माल जेथे तयार होतो तेथून विमान सुटावे, यात चूक काढण्यासारखे काही नाही. परंतु ज्या कारणाने ती जागा आर्थिक दृष्टीने चांगली होती, त्याच कारणाने ती राजकीय दृष्टीने कठीण होती. औद्योगिक क्षेत्रासाठी तेथील शेतकऱ्यांनी एकदा नव्हे, अनेकदा जमिनी दिलेल्या होत्या. शिवाय कारखान्यांमुळे जमिनीचा बाजारभाव सरकारी मोबदल्याच्या कितीतरी पुढे गेलेला होता. खेड तालुक्यात एका गावातून दुसऱ्या गावाकडे प्रस्ताव सरकत गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्यास विरोध झाला. २०१६ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने भोवतालच्या डोंगरांमुळे ही जागा तांत्रिक दृष्ट्या योग्य नसल्याचा अभिप्राय दिला. डोंगर अर्थातच आरंभापासून तेथे होते. अनेक वर्षे चाललेल्या वादानंतर ते दिसावेत, यावरून तांत्रिक कारणांचा राजकीय निर्णयांशी काय संबंध असतो याची कल्पना येते. तांत्रिक कारण खोटे होते असे नव्हे. ज्या वेळी कोणासही पराभव पत्करावयाचा नसतो त्या वेळी ते उपयोगी पडते, इतकेच.

त्याच वर्षी पुरंदरची घोषणा झाली. सासवडच्या पूर्वेस असलेली पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी व वनपुरी ही सात गावे निवडण्यात आली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन धावपट्ट्या, माल वाहतुकीची स्वतंत्र सोय, आणि या सर्वांसाठी सुमारे २,८०० हेक्टर जमीन, असा आराखडा होता. विरोध येथेही झाला. २०१९ मध्ये राज्यात सत्ताबदल झाल्यावर बारामतीच्या बाजूची पर्यायी जागा पुढे आली. २०२१ मध्ये तिला संरक्षण मंत्रालयाची अनुकूलता मिळू शकली नाही. पुढे पुन्हा सत्ताबदल झाला आणि जुनीच सात गावे कायम झाली. म्हणजे त्या गावांतील शेतकऱ्याने पाच-सहा वर्षांत आपली जमीन जाणार, जाणार नाही, आणि पुन्हा जाणार, असे तीन निकाल ऐकले. या अवधीत विहीर खोदावी की नाही, नवी झाडे लावावीत की नाही, मुलीच्या लग्नासाठी एक तुकडा विकावा की थांबावे, असे जे निर्णय खोळंबले त्यांची किंमत कोणत्याच खर्चाच्या अंदाजपत्रकात येत नाही. अनिश्चितता ही या प्रकल्पाने गावांवर लादलेली पहिली हानी होय, आणि ती भूसंपादनाच्या आधीच भोगून झालेली आहे.

पुरंदर तालुका पर्जन्यछायेचा. पुण्याच्या वाचकास तो अंजीर व सीताफळ यांमुळे ठाऊक असतो. पुरंदरच्या अंजिरास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विमानतळाची घोषणा व अंजिराचे मानांकन एकाच वर्षी व्हावे, हा योगायोग शासनाच्या दोन खात्यांनी एकमेकांकडे न पाहता काम केल्याचा पुरावा म्हणून नोंदविण्याजोगा आहे. या कोरड्या भूमीत बागा उभ्या राहिल्या त्यास एक कारण पुरंदर उपसा सिंचन योजना. ही योजना पुण्याच्या खालच्या अंगास मुळा-मुठेचे पाणी उचलून तालुक्याच्या पूर्व भागास देते. ते पाणी म्हणजे बव्हंशी पुणे शहराचे सांडपाणी. शहराने वापरून टाकलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने बागाईत केली, आणि ती बहरास आल्यावर शहरास त्याच जमिनीची गरज भासली.

'जिराईत' व 'बागाईत' या दोन शब्दांवर येथे बरेच काही अवलंबून आहे. दोन्ही शब्द फार्सी महसुली व्यवहारातून मराठीत आले. तलाठ्याच्या दप्तरात त्यांनी शेकडो वर्षे वस्ती केली आहे. सातबाऱ्यावर जमीन ज्या नावाने नोंदलेली असेल त्यानुसार मोबदल्याचा दर ठरतो. परंतु पाणी आधी शेतात येते आणि नोंद मागाहून, बरीच मागाहून. ज्याची बाग डोळ्यांनी दिसते त्याच्या उताऱ्यावर कित्येकदा ती जिराईतच असते. तेव्हा मोजणीस येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शेतकरी आणि कागद असे दोन साक्षीदार उभे राहतात, आणि कागदाची साक्ष वरचढ ठरण्याचा धोका असतो. खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव. कटगुणहून निघालेले हे कुटुंब पुण्यास येण्यापूर्वी तेथे राहिले होते. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून १८८३ मध्ये सरकारी कागदापुढे शेतकरी कसा हतबल होतो हे मांडणाऱ्या लेखकाचे गाव भूसंपादनाच्या यादीत यावे, याचा उल्लेख आंदोलनातील भाषणांत झाला नसता तरच नवल.

जगात इतरत्र हा हिशेब कसा मांडला गेला, ते पाहणे येथे उपयुक्त ठरेल. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी १९६८ मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने खर्च व लाभ यांची आजवरची कदाचित सर्वांत विस्तृत मांडणी केली. चार जागांच्या प्रत्येक परिणामास पौंडांत किंमत लावण्यात आली. आवाज, जमीन, प्रवाशांचा वेळ ही सर्व एकाच मापाने मोजली गेली. स्ट्यूकली येथील बाराव्या शतकातील चर्चची किंमत त्याच्या अग्निविम्याच्या रकमेवरून धरण्याची कल्पना निघाली तेव्हा तिची जी चेष्टा झाली ती अद्याप विसरली गेलेली नाही. १९७१ मध्ये आयोगाने कब्लिंग्टनची शिफारस केली. निर्णायक ठरला तो प्रवाशांचा वेळ : समुद्रकाठचे फाउलनेस दूर, म्हणून महाग. आयोगाचे एक सदस्य, नगररचनाकार कॉलिन ब्युकॅनन, यांनी भिन्न मत नोंदवून लंडनच्या पाठीशी असलेला मोकळा प्रदेश गमावणे अक्षम्य ठरेल असे म्हटले. सरकारने आयोगाचा बहुमताचा निर्णय बाजूस ठेवून फाउलनेस स्वीकारले. १९७४ मध्ये तेही सोडून दिले. अखेर विस्तार झाला तो स्टॅन्स्टेडचा, जे आयोगाच्या चार जागांत नव्हतेच. या प्रकरणावरून पैशाचे माप निरुपयोगी आहे असे सिद्ध होत नाही. पण बेरीज पूर्ण झाली की निर्णय झाला, ही समजूत मात्र त्यातून टिकत नाही.

जपानने उलट मार्ग धरला. टोकियोच्या नव्या विमानतळासाठी आधी तोमिसातो ही जागा जाहीर झाली, तेथे विरोध होताच १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांशी विचारविनिमय न करता सान्रिझुका निश्चित केले. तेथे राजघराण्याच्या मालकीचे कुरण होते, सबब संपादन सोपे जाईल अशी अपेक्षा होती. पुढील बारा वर्षे तेथे जो संघर्ष झाला त्यात शेतकरी व पोलीस दोघांचेही बळी गेले. नारिता विमानतळ १९७८ मध्ये सुरू झाला तो एकाच धावपट्टीनिशी. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये, आणि तीही आखलेल्या लांबीपेक्षा आखूड, उपयोगात आली. कारण मध्ये काही शेतकऱ्यांच्या जमिनी शिल्लक होत्या. जी चर्चा आरंभी टाळली ती १९९१ पासून सरकारला जाहीर सभांतून करावी लागली, व सक्तीचे संपादन सोडून देण्याचे आश्वासन द्यावे लागले. घाईने वाचविलेला वेळ कसा परत वसूल होतो, याचे हे उदाहरण आहे.

तथापि पुणे जिल्ह्यास अशा उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजी, मुळशी पेट्यात सुरू झालेला सत्याग्रह हा या जिल्ह्याच्या स्मृतीत घर करून आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणासाठी १८९४ च्या कायद्यान्वये जमीन घेतली जात होती. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. बुडणार होती मावळ्यांची भातशेती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेथली, आणि पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे बिरुद मिळाले तेही तेथेच. पण या लढ्याचा जो भाग कमी सांगितला जातो तो असा की, त्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना जमीन राखण्यापेक्षा मोबदला वाढवून घेणे अधिक सोयीचे वाटले, आणि कसणारे व मालक यांच्या मागण्या वेगळ्या झाल्या. १९२४ मध्ये सत्याग्रह संपला, धरण झाले.

ही फूट पुरंदरमध्ये वेगळ्या रूपाने दिसते. घोषणेनंतरच्या वर्षांत अशा ठिकाणी जमिनींचे व्यवहार होतात. गावाबाहेरचे खातेदार वाढतात. ज्याने गुंतवणूक म्हणून जमीन घेतली त्याची संमती आणि ज्याचे त्या जमिनीवर पोट आहे त्याची संमती ही हेक्टरांच्या बेरजेत सारखीच मोजली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची पायरी घातली होती ती नेमकी हा भेद दिसावा म्हणून. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने पुरंदरसाठी १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाचा मार्ग धरला. त्या मार्गावर ही पायरी लागत नाही. ३ मे २०२५ रोजी ड्रोनद्वारे होणाऱ्या मोजणीस ग्रामस्थांनी अडथळा केला, दगडफेक व लाठीमार झाला, अनेकांवर गुन्हे दाखल झाले. त्याच दिवसांत गावातील एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाल्याने क्षोभ वाढला. त्यानंतर शासनाने क्षेत्र सुमारे १,२८५ हेक्टरांपर्यंत खाली आणले, मोबदल्यासोबत विकसित भूखंडाच्या रूपाने दहा टक्के परतावा देऊ केला, आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेर नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रास संमती मिळाल्याचे प्रशासनाने जाहीर केले.

येथे एक प्रश्न दुर्लक्षिता येत नाही. जो विमानतळ १,२८५ हेक्टरांत होऊ शकतो त्यासाठी आठ-नऊ वर्षे २,८०० हेक्टर का मागितले जात होते? विरोध झाला नसता तर उरलेली दीड हजार हेक्टर कशासाठी वापरली गेली असती? 'सार्वजनिक प्रयोजन' या शब्दसंहतीची कक्षा किती ताणली गेली होती, ते या दोन आकड्यांतील अंतरावरून मोजता येते. शेतकऱ्यांच्या विरोधाकडे विकासातील अडथळा म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, प्रकल्पाचा आकार तपासण्याचे जे काम तज्ज्ञांच्या समित्यांनी करावयाचे, ते प्रत्यक्षात विरोधाने केले.

आर्थिक बाजूही आता २०१६ मध्ये होती तशी राहिलेली नाही. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला व डिसेंबरात तेथून उड्डाणे सुरू झाली. हिंजवडी किंवा तळेगावच्या प्रवाशास द्रुतगती मार्गाने तेथे जाणे आणि शहर ओलांडून पुरंदरला जाणे यांत पडणारे अंतर वेळेच्या दृष्टीने वाटते तितके मोठे राहणार नाही. चाकणचा माल तर पुरंदरला न्यावयाचा तर शहरास वळसा घालावा लागेल. त्यासाठी बाह्यवळण मार्ग हवा, आणि त्या मार्गासाठी पुन्हा जमीन. म्हणजे विमानतळाचा खर्च त्याच्या कुंपणाशी संपत नाही. पुरंदरच्या बाजूने निःसंशय म्हणता येईल ते इतकेच की, लोहगावची धावपट्टी व तेथील वेळा पुण्याच्या हातात नाहीत आणि पुढेही असणार नाहीत. हे कारण लहान नाही. परंतु त्यावरून दुसऱ्या विमानतळाची आवश्यकता सिद्ध होते. तो केवढा, कोणत्या दिशेस आणि किती टप्प्यांत, हे सिद्ध होत नाही.

शासकीय मराठीने या व्यवहारास 'भूसंपादन' म्हटले. विद्या संपादन करतात, विश्वास संपादन करतात. संपादनात मिळविणाऱ्याचे कर्तृत्व दिसते, देणारा त्यात नसतोच. ज्याची जमीन जाते त्यास 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त यांच्या पंक्तीस बसणारा हा शब्द प्रकल्पाचा कर्ता कोणीतरी आहे हे विसरावयास लावतो. गावात मात्र दोन्ही शब्द क्वचितच ऐकू येतात. तेथे 'जमीन गेली' असे म्हणतात, माणूस गेला म्हणतात त्याच क्रियापदाने.

नावांचा प्रश्न मात्र फार लवकर सुटला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लोहगावच्या विमानतळास जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. लोहगाव हे तुकारामांचे आजोळ. पुरंदरच्या विमानतळास छत्रपती संभाजी महाराजांचे नाव ठरले आहे, कारण १६५७ मध्ये त्यांचा जन्म पुरंदर किल्ल्यावर झाला. दोन्ही नावांवर सर्व पक्षांचे एकमत आहे. सात गावांतील विहिरी, झाडे व पाइपलाइन यांच्या मूल्यांकनाबाबत तसे एकमत झालेले नाही. अंजिराचे झाड लावल्यापासून चांगल्या बहरास येण्यास काही वर्षे लागतात, आणि त्यापुढे ते अनेक वर्षे खट्टा व मीठा असे दोन्ही बहर देते. त्याची किंमत किती वर्षांच्या उत्पन्नावर धरावी, हा तेथील मुख्य वाद आहे.